पाण्याचा रिपोर्ट चांगला, मग खाडी आजारी कशी?

प्रश्न : आमच्या ग्रुपने खाडीचं पाणी लॅबमध्ये तपासून घेतलं. ऑक्सिजन, पीएच सगळं ठीक आलंय. पण मासेमारी करणारे म्हणतात मासळी घटली आणि चिखलाला घाण वास येतो. मग खरं कोणाचं मानायचं?

दोघांचंही. पण आधी मला सांगा, बाटली किती वाजता भरली होती? कारण बहुतेक ग्रुप सकाळी निवांत निघतात, दहा-अकराला पोचतात आणि लख्ख उन्हात वरवरचं पाणी भरून घेतात, आणि नेमकं तेव्हा पाण्यातलं शेवाळ जोरात ऑक्सिजन सोडत असतं त्यामुळे आकडा मस्तच येणार. तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन वापरतं. सांडपाणी आणि खतांमुळे शेवाळ माजलेलं असेल तर पहाटे उजाडायच्या आधी, तेही तळाजवळचं पाणी मोजून बघा, चित्र पार वेगळं दिसू शकतं. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की माशांना तिथे थांबणं अवघड होतं, ते पळतात, आणि ज्यांना पळता येत नाही ते मरतात. शिवाय नदीचं गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि समुद्राचं खारं पाणी जड म्हणून खालून आत सरकतं, हे दोन थर नीट मिसळले नाहीत तर वरचा ऑक्सिजन खाली पोचतच नाही. म्हणजे एकाच जागी वर सगळं छान आणि खाली गुदमरलेलं असं असू शकतं.

पाणी तर दर भरतीला बदलतं, म्हणून मी कायम म्हणते की गाळ बघा. गाळ कुठे जात नाही. व्हॅन व्हीन ग्रॅब म्हणून एक लोखंडी जबडा असतो, तो दोरीने खाली सोडायचा, तळाला टेकला की मिटतो आणि गाळ घेऊन वर येतो. तो ट्रेमध्ये ओतण्याआधी वरचं झाकण उघडून नुसता बघा. वर तपकिरी थर दिसतो, तेवढ्यात ऑक्सिजन आहे, त्याखाली काळं. तपकिरी थर बोटभर जाड असेल तर बरं, पण कागदाइतका पातळ असेल किंवा अगदी वरपासूनच काळं असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते हायड्रोजन सल्फाइड आहे. तुमचे मासेमार याच वासाबद्दल बोलतायत, त्यांना ते सांगायला मीटर लागत नाही.

मग तो गाळ अर्ध्या किंवा एक मिलिमीटरच्या चाळणीवर ओतून पाण्याने हळूहळू धुवायचा. चाळणीवर काय उरतं तो खरा रिपोर्ट. शिंपले, खेकड्यांची पिल्लं, खोल बिळं करणारे मोठे किडे अशी सगळी वस्ती असेल तर जीव हलका होतो. आणि नुसते लाल दोऱ्यासारखे बारीक किडे शेकड्यांनी वळवळत असतील तर काळजीचं आहे. कॅपिटेला नावाचा किडा याबाबतीत सगळ्यात प्रसिद्ध. 1969 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वेस्ट फालमथजवळ तेल सांडलं, तळातले बाकीचे जीव मेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत हा किडा अक्षरशः फोफावला. पिअर्सन आणि रोझेनबर्ग या संशोधकांनी 1978 मध्ये हा क्रमच मांडून दाखवला, की सेंद्रिय घाण वाढत गेली की मोठे, सावकाश वाढणारे जीव आधी जातात आणि शेवटी बारीक, झटपट पिल्लं घालणारे तेवढे उरतात. पुढे 2000 मध्ये स्पेनच्या बास्क भागातल्या संशोधकांनी यावरून आंबी नावाचा इंडेक्स बनवला. त्यात तळातल्या जीवांचे नाजूक ते निगरगट्ट असे पाच गट आणि 0 ते 7 अशी पट्टी, 7 म्हणजे तळात जीवच नाही.

प्रश्न : आम्ही खाडीच्या मधल्या भागात मोजलं तर फक्त सात-आठ जातीच मिळाल्या, समुद्राजवळ खूप जास्त होत्या. म्हणजे मधला भाग प्रदूषित ना?

थांबा, एवढ्यात ठरवू नका! ही चूक भरपूर लोक करतात, शिकलेले लोकही करतात.

खाडी मुळातच राहायला अवघड जागा आहे. दिवसातून दोनदा खारटपणा वरखाली होणार, गाळ हलणार, पाणी गढूळ. समुद्राच्या पाण्यात हजार भागांमागे 35 च्या आसपास भाग मीठ असतं, आणि साधारण 5 ते 8 च्या मधल्या मचूळ पट्ट्यात समुद्री जीवांना ते फार गोडं पडतं तर गोड्या पाण्यातल्यांना फार खारं, म्हणून तिथे जाती सगळ्यात कमी असतात. रेमाने या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1934 मध्येच बाल्टिक समुद्रावरून हे दाखवलंय. तिथे माणसाचा काही दोष नाही. आणि जे थोडे जीव टिकतात ते साहजिकच चिवट असतात, म्हणजे घाणीत जे टिकतात त्यांच्याच जातकुळीतले. म्हणून स्वच्छ खाडीचा मधला भागसुद्धा इंडेक्सवर आजारी दिसू शकतो. एलियट आणि क्विंटिनो या संशोधकांनी 2007 मध्ये याला खाडीच्या गुणवत्तेचा पेच असं नाव दिलं, आणि माझ्या मते खाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी शिकावं, इंडेक्स नंतर.

मग करायचं काय, तर तुलना सारख्याशी करायची. तेवढाच खारटपणा, तसाच गाळ (रेतीत आणि चिखलात वेगळेच जीव राहतात), तोच मोसम. नाल्याच्या तोंडापासून लांब जात थोड्या थोड्या अंतरावर नमुने घेतले तर आणखी बरं, कारण घाणीचा परिणाम असेल तर तो नाल्यापासून लांब जाता जाता कमी होताना दिसतो. आणि प्रत्येक जागी तीन तरी ग्रॅब, एकावरून काही कळत नाही.

जवळपास तशी चांगली खाडी उरलीच नसेल तर? तर गाळात खाली जायचं. नळी घुसवून गाळाचा उभा तुकडा काढतात, शिसे-210 (गाळात साचणारं किरणोत्सर्गी शिसं, ते ठरावीक वेगाने घटत जातं) त्यावरून थरांचं वय ठरवतात, त्याने साधारण शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाता येतं. प्रत्येक थरात फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचं असतात, ती मोजली की कारखाने आणि वस्ती वाढण्याआधी इथे कोण राहत होतं ते कळतं. मला हे काम सगळ्यात आवडतं, खाडीने स्वतःच लिहून ठेवलेली वही वाचल्यासारखं वाटतं.

प्रश्न : खारफुटी वाढतेय, हिरवीगार आहे. हे तर चांगलं लक्षण?

असेलच असं नाही. वरून माती धुपून गाळ जास्त यायला लागला, नवीन चिखलपट्टे तयार झाले तरी खारफुटी पसरते, न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर असंच झालंय. झाडांच्या बुडाशी खेकड्यांची बिळं आहेत का, नवीन रोपं येतायत का आणि पाणी आतपर्यंत येतंय का हे बघा.

प्रश्न : रसायनं मर्यादेत आहेत असा रिपोर्ट आला तर निर्धास्त राहायचं का?

नाही. ट्रायब्युटिलटिन नावाचं रसायन बोटींच्या रंगात वापरायचे, शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे पाण्यात जवळजवळ नाहीच असं वाटेल इतकं, तेवढ्यानेही डॉगव्हेल्क या गोगलगायीच्या माद्यांना नराचा अवयव फुटायला लागला, अंडी बाहेर पडेनात आणि जागोजागी त्या नाहीशा झाल्या. नुसतं पाणी तपासून हे कळलं नसतं, गोगलगाय उघडून बघितली म्हणून कळलं. 2001 च्या आंतरराष्ट्रीय कराराने असे रंग बंद करायचं ठरलं, तो 2008 मध्ये लागू झाला, आणि बऱ्याच ठिकाणी गोगलगायी परत आल्या.

प्रश्न : एकदा मेलेली खाडी परत उठते का?

उठते. लंडनच्या थेम्सचा भरतीचा भाग 1957 मध्ये जवळपास मेलेला म्हणून जाहीर झाला होता, काही पट्ट्यांत ऑक्सिजनच नव्हता. सांडपाण्याची केंद्रं सुधारली तसं 1960 च्या दशकात मासे परतायला लागले, आणि ते कळलं कसं माहितीये? वीजकेंद्रं थंड करायला नदीचं पाणी ओढतात, तिथल्या जाळ्यांवर अडकलेले मासे लोकांनी वर्षानुवर्षं मोजले. आज तिथे शंभरावर जाती आहेत. तेव्हा तुमच्या मासेमारांना एक वही द्या, रोज जाळ्यात काय आलं ते लिहायला सांगा आणि पुढची बाटली पहाटे भरा.