इंजिन नंतर उतरवा, आधी पॉलिसीचा कागद काढा

प्रश्न : वय ३६, शिरोली एमआयडीसीत नोकरी, हातात ५२ हजार. पत्नी घरीच, दोन मुलं शाळेत. २०१४ ची पेट्रोल गाडी उभी असताना थरथरते, इंजिनचा दिवा लागलाय. उद्यमनगरात एका गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवायचे ५५ हजार सांगितले. मी बिघाडाचा कोड वाचणारा १,२०० चा स्कॅनर आणून लावला, तो 'पी०३०२' दाखवतो. ५५ हजार घालावेत, की सहा लाखांचं कर्ज काढून नवी घ्यावी? शिल्लक काही नाही. ज्याच्याकडून विम्याची पॉलिसी घेतली तो मामेभाऊ म्हणतो, तिच्यावर कर्ज काढ. वर्षाला ६० हजारांचे सात हप्ते भरलेत. विमा १० लाखांचा, २० वर्षांनी ४० लाख मिळणार आहेत.

उत्तर : गाडीचं आधी उरकतो. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथं पेट्रोल नीट पेटत नाही. इंजिन गेलं असं तो कोड म्हणत नाही. सिलिंडरागणिक वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) असेल तर थंड, बंद इंजिनवर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला आणि तिसऱ्याची दुसऱ्याला लावा, कोड पुसा, गाडी चालू करा. कोड ०३०३ झाला तर दोष कॉइलचा, दोन-तीन हजारांत सुटलात. दुसऱ्यावरच राहिला तर प्लग बघा, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. ते कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हे आकडे बघितल्याशिवाय इंजिनला पाना लावू देऊ नका. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी हिंडवू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरची वाट लावतं.

नवी गाडी? ६ लाख, ९ टक्के, पाच वर्षं : महिना साडेबारा हजार. सोडून द्या.

आता न विचारलेलं. ५५ हजारांसाठी कर्ज शोधावं लागतंय, कारण महिन्याचे पाच हजार त्या पॉलिसीत जातात. ४० लाख कुठल्या कागदावर छापलेत ते मामेभावाला दाखवायला सांगा. वर्षाला ६० हजारांचे ४० लाख व्हायला साडेदहा टक्के परतावा लागतो. असल्या पॉलिसी पाचच्या आसपास देतात, म्हणजे साधारण २१ लाख. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी साडेसव्वीस लाख झाले असते. पाहुण्यांकडून विमा घेतला की कागद वाचायची लाज वाटते, हे मी प्रत्येक लग्नसराईनंतर बघतो.

परतावाही एक वेळ सोडा. तुम्हाला काही झालं तर घरी येणार दहा लाख आणि थोडा बोनस. तुमच्या पगाराच्या हिशेबानं दहा लाख म्हणजे दोन वर्षंसुद्धा नाही. मुलं शाळेत आहेत म्हणता!

आधी एक कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा. निर्व्यसनी असाल तर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. प्रकृतीची माहिती खरी भरा. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवा, त्याआधी नाही. शाखेत जाऊन पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवणं) आणि सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे घेणं), दोन्ही आकडे लेखी मागा. पेड-अप केलीत तर २० पैकी ७ हप्त्यांच्या हिशेबानं साडेतीन लाख आणि साठलेला बोनस मुदतीला मिळेल. मी पेड-अपकडे झुकतो, कारण सरेंडरचा चेक आला की तुमच्या दारात नवी गाडी उभी राहील.

उरलेले वर्षाचे ४५ हजार, म्हणजे महिना पावणेचार हजार, आरडीत टाका. सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत दुसरीकडे वळवू नका. पॉलिसीवर कर्ज मात्र आज काढू नका, कॉइलची अदलाबदल रविवारी करून मग ठरवा.