तांब्याच्या तारेवरचे इंटरनेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी लँडलाइनवरचे ब्रॉडबँड २०११ पासून आहे. दर वर्षी मृगाचा पाऊस सुरू झाला की ते तुटू लागते. मॉडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे लाइनच्या जोडणीचा, दिवा लुकलुकतो, काही वेळाने स्थिर होतो, पुन्हा लुकलुकतो. दिवाळीच्या सुमारास हा त्रास आपोआप थांबतो. मॉडेम दोनदा बदलून झाला. फोनची घंटा वाजली की इंटरनेट हमखास जाते, पण फोनवर बोलणे चालू असताना ते बरे चालते. तपासणीला येणारे कर्मचारी डायल टोन ऐकतात आणि लाइन चांगली आहे असे सांगून जातात. दोष नेमका कुठे असावा?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : आपण इतके नेमके निरीक्षण केले आहे की निदान बरेचसे आपल्या पत्रातच आहे. दोष मॉडेममध्ये नसून एक्स्चेंज ते घर या तांब्याच्या जोडतारेवरील एखाद्या जोडात असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे.

एक्स्चेंजमधून निघालेली तार आपल्या घरापर्यंत सलग येत नाही. ती रस्त्याकडेच्या पिलरमध्ये (जोडण्यांच्या उभ्या पेटीत), मग खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या डीपी बॉक्समध्ये आणि शेवटी घरातल्या रोझेटवर, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या लहान डबीत, जोडलेली असते. शिवाय पूर्वी कुठे खोदकामात केबल तुटली असेल तर तेथेही जोड दिलेला असतो. अशा जोडात ओल शिरली की तांब्यावर हिरवा कळंक धरतो आणि दोन तारांचा स्पर्श कच्चा होतो. फोनची घंटा वाजते तेव्हा तारेतून बऱ्याच जास्त दाबाची विद्युत जाते आणि तो कच्चा जोड हलल्यासारखा होतो, म्हणून मॉडेमचा संपर्क तुटतो. रिसीव्हर उचलल्यावर मात्र तारेतून सतत एकाच दिशेचा थोडा प्रवाह वाहू लागतो, तो कळंकाच्या थरातून वाट काढतो आणि बोलणे संपेपर्यंत जोड सुधारतो. घंटेबरोबर तुटणे आणि बोलताना सुधारणे ही जोडी कच्च्या जोडाची जुनी, ओळखीची खूण आहे. पावसाळा सरून जोड वाळला की त्रास थांबतो, हेही त्याला धरूनच आहे.

डायल टोन ऐकून लाइन चांगली ठरवणे मला अजिबात पटत नाही. माणसाचा आवाज टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात जातो. त्याच तारेवर इंटरनेटचे काम सुमारे २६ किलोहर्ट्झपासून सुरू होते आणि एडीएसएल या फोनच्या तारेवरच्या इंटरनेटच्या पद्धतीत ११०० किलोहर्ट्झपर्यंत, तर तिच्या सुधारित एडीएसएल-२ प्लस या रूपात २२०० किलोहर्ट्झपर्यंत चालते. खालचा पट्टा ठणठणीत असूनही वरचा पट्टा निकामी झालेला असू शकतो. इतकेच नव्हे, तर दोनपैकी एक तार पूर्ण तुटली आणि फोन मुका झाला, तरी क्वचित इंटरनेट अगदी मंद गतीने चालू राहते.

म्हणून बोलणे आकड्यांत करावे. संगणकाच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला की बहुतेक मॉडेमचे स्वतःचे पान उघडते. त्यात डीएसएल स्टेटस किंवा अशाच नावाच्या भागात दोन आकडे असतात. पहिला लाइन अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे तारेतून येताना सिग्नल किती क्षीण झाला. चांगल्या तारेवर तो ढोबळमानाने दर किलोमीटरला १४ डेसिबलच्या आसपास वाढतो. दुसरा एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटावर मात करून सिग्नलकडे किती शिल्लक उरते. हा आकडा ६ डेसिबलच्या खाली गेला की जोडणी डळमळते, १० च्या वर असला की निश्चिंत असावे. तारेची लांबी पावसात वाढत नाही; त्यामुळे उन्हाळ्यात ४० असलेले अ‍ॅटेन्युएशन जुलैत ४८ दिसू लागले, तर दोष जोडात आहे याचा तो जवळजवळ पुरावाच समजावा. एका वहीत तारीख, वेळ, पाऊस आणि हे दोन आकडे नियमाने लिहून ठेवावेत. अनेक वर्षे एकाच लाइनवर राहणाऱ्या ग्राहकाकडे अशी वही असली, तर दुरुस्तीचा माणूस तिची दखल घेतोच असा माझा अनुभव आहे.

तक्रारीपूर्वी घरातली बाजू तपासावी. तार घरात जिथे पहिल्यांदा येते त्या रोझेटवर, बाकीचे सर्व पॅरलल फोन आणि वायरिंग सोडवून, मॉडेम एकटा लावावा. आकडे सुधारले तर दोष घरातल्या वायरिंगचा किंवा खराब स्प्लिटरचा (फोनचा आवाज आणि इंटरनेट वेगळे करणाऱ्या डबीचा); न सुधारले तर बाहेरचा. पॅरलल फोन पुन्हा जोडताना प्रत्येकाला स्प्लिटर किंवा फिल्टर असलाच पाहिजे, कारण फिल्टरविना जोडलेला एक जुना फोन सगळी लाइन बिघडवू शकतो. त्यानंतर तक्रार नोंदवताना ‘इंटरनेट स्लो आहे’ एवढेच न सांगता, ‘पावसात जोड खराब होतो, जोड नव्याने करून द्यावेत किंवा दुसरी पेअर (तारांची जोडी) द्यावी आणि मेगर (तारेचे इन्सुलेशन मोजणारे यंत्र) लावून तार तपासावी’ अशी स्पष्ट मागणी करावी. फोनवर खरखर असेल तर तीही सांगावी. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, जपून ठेवावा. तक्रार नीट न सुटता बंद केली गेली, तर त्या नंबराच्या आधारे कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते.

प्रश्न : आम्ही ८ एमबीपीएसची योजना घेतली आहे, पण डाउनलोड करताना अर्धा एमबी वेगसुद्धा टिकत नाही आणि रात्री तर तोही घसरतो. एक्स्चेंज आमच्या घरापासून चार किलोमीटरवर आहे.
— एक वाचक, पारनेर

उत्तर : आधी एककांचा घोळ दूर करू. योजनेतला आकडा बिटमध्ये असतो आणि डाउनलोडचा आकडा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ एमबीपीएसवर सेकंदाला फार तर एक एमबी मिळेल. अर्धा एमबी म्हणजे ४ एमबीपीएस झाले.

उरलेली तूट अंतराची आहे. गावच्या देवळातली आरती दूरच्या शेतात ऐकताना ढोलाचा ठेका पोहोचतो आणि टाळांची किणकिण विरून जाते, तसेच तांब्याच्या तारेत वरच्या कंपनसंख्या आधी विरतात. एडीएसएल-२ प्लसचे २४ एमबीपीएस हे एक्स्चेंजच्या अगदी जवळ राहणाऱ्यांसाठी आहेत; चार किलोमीटरवर वरचा निम्मा पट्टा जवळपास निरुपयोगी होतो आणि दोन-तीन एमबीपीएस स्थिर मिळाले तरी ती लाइन चांगली म्हणावी लागते. एवढ्या अंतरावरच्या ग्राहकाला मोठी योजना विकणे मला योग्य वाटत नाही. आपण लहान योजनेवर या. वेगात फरक पडणार नाही आणि पैसे वाचतील.

रात्रीच्या घसरणीची दोन कारणे असू शकतात आणि ती वेगळी ओळखता येतात. मॉडेमच्या पानावरचा जोडणीचा वेग दिवसा आणि रात्री सारखाच असेल, पण प्रत्यक्ष डाउनलोड मंदावत असेल, तर गर्दी एक्स्चेंजच्या पुढच्या मार्गावर आहे. त्याला घरात उपाय नाही. जोडणीचा वेगच रात्री उतरत असेल, तर लाइनवर गोंगाट वाढतो आहे. मीडियम वेव्हची रेडिओ केंद्रे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झवर, म्हणजे आपल्या इंटरनेटच्याच पट्ट्यात असतात, आणि अंधार पडल्यावर त्यांच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित होऊन फार दूरवर येतात. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांचाही गोंगाट संध्याकाळी सुरू होतो. एकेक उपकरण बंद करत मार्जिनचा आकडा पाहावा. दोषी उपकरण सापडते.

प्रश्न : विजा चमकत असताना मॉडेमचे स्विचबोर्डवरचे बटण बंद केले तर पुरेसे आहे का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नाही. बटण बंद केल्याने फोनची तार तुटत नाही, आणि उघड्यावर खांबाखांबांवरून आलेल्या त्या तारेतूनच धक्का येण्याची शक्यता मोठी असते. वीज जवळ येण्याआधी विजेचा आणि फोनचा असे दोन्ही प्लग काढावेत. कडकडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नये.

प्रश्न : आमच्या गल्लीत फायबर आले आहे. सासूबाईंना लँडलाइनची सवय आहे आणि जुना नंबर सर्व नातेवाइकांकडे आहे. तांब्याची लाइन सोडावी का?
— एक वाचक, वाई

उत्तर : सोडावी. घरगुती ब्रॉडबँडची सुरुवात झाली त्या काळात, म्हणजे २००४ च्या सरकारी धोरणात, २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. ती मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. तांब्याच्या तारेने तो सगळा काळ निभावला, ही लहान गोष्ट नव्हे. आवाजासाठी टाकलेल्या तारेवर लाखो घरांनी पहिल्यांदा इंटरनेट पाहिले. पण फायबरच्या काचेतून प्रकाश जातो. तिला कळंक धरत नाही, रेडिओचा गोंगाट लागत नाही आणि दोन-चार किलोमीटरने वेग घटत नाही.

एका बाबतीत मात्र तांबे वरचढ होते. साध्या लँडलाइन फोनला एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून तारेवाटेच वीज मिळे, म्हणून घरातली वीज गेली तरी फोन चाले. काचेतून वीज येत नाही. फायबरचे यंत्र बंद पडले की त्यावरचा फोनही बंद पडतो. घरात वयस्कर माणूस असेल तर त्या यंत्रासाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस पहिल्या दिवसापासून लावावा. यंत्राच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहूनच तो घ्यावा.

जुना नंबर फायबरवर कायम ठेवता येईल का, हे अर्ज करतानाच लेखी विचारून घ्यावे, कारण लाइन बंद केल्यानंतर तो परत मिळेल याची खात्री नसते. शक्य असेल तर महिनाभर दोन्ही जोडण्या चालू ठेवाव्यात. नवी जोडणी आणि तिच्यावरचा फोन नीट चालतो अशी खात्री झाली की जुन्या लाइनचा मॉडेम भाड्याचा असल्यास परत करून पोच घ्यावी आणि अनामत रकमेच्या परताव्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.