आधी दवाखाना ठरव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, दोन्ही शांतपणे वाचले. एकोणतिसावा आठवडा, एका बाळाचं वजन अंदाजे ११०० ग्रॅम, दुसऱ्याचं ९५०. दोघं लहान आहेत असं डॉक्टर म्हणाले आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे. लवकर झाली तर जगतील का, हेच तू फिरून फिरून विचारलं आहेस.

बाळंतपण कधी होईल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. जुळ्यांमधली निम्म्याहून जास्त बाळं ३७ आठवडे भरायच्या आत येतात, तेव्हा तुझीही थोडी आधी येतील असंच धरून चाल. पण ती येतील तेव्हा तू कुठे असशील हे मात्र याच आठवड्यात ठरवता येतं, आणि माझ्या मते आत्ता तुझ्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. माझी सगळी नोकरी नवजात बाळांच्या विभागात गेली. आईच्या पोटातून दवाखान्यात आलेलं बाळ आणि बाहेर जन्मून गाडीतून आणलेलं बाळ, वजन तेवढंच असलं तरी दोघांची सुरुवात वेगळी असते. दुसरं पुष्कळदा गार पडून येतं, साखर उतरलेली असते, दम लागलेला असतो. आमचे पहिले काही तास त्याला पूर्वपदावर आणण्यातच जातात.

म्हणून माहेरी जायचा बेत सोड. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मलाही प्रिय आहे आणि तुझ्या आईला किती वाईट वाटेल तेही कळतं. पण तुझं माहेर अक्कलकोटच्याही पलीकडे. अक्कलकोटहूनच सोलापूर चाळीसेक किलोमीटर, त्यात रात्रीची वेळ आणि गाडी मिळेपर्यंतचा उशीर. आईने इकडे यावं, तुझ्या घरी राहावं, तुला खाऊ-पिऊ घालावं. माहेरपण आईच्या हातात असतं, ते ती सोलापुरात तुझ्या होटगी रोडच्या घरीही देईल. हे सासूबाईंना सांगायला तुला अवघड वाटत असेल तर नवऱ्याला सांगू दे, त्याचंही ते काम आहे.

आता दवाखाना. प्रसूती करणारे डॉक्टर चांगले असणं पुरेसं नाही. लहान बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत हवा. तिथे जाऊन हे प्रश्न स्पष्ट विचारा: हजार ग्रॅमचं बाळ तुम्ही स्वतः ठेवता का? बालरोगतज्ज्ञ रात्रीही असतात का? दोन बाळांना एकाच वेळी सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) किंवा व्हेंटिलेटर लागला तर मिळेल का? जागा भरलेली असेल तर कुठे पाठवता? यातला दोन बाळांचा प्रश्न लोक विचारायचं विसरतात, आणि मग एक मूल एका दवाखान्यात, दुसरं दुसरीकडे आणि आई तिसऱ्याच खाटेवर, अशी दशा होते. आपल्या सिव्हिलला, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, नाव आत्ताच नोंदवून ठेव, खासगीत जायचं ठरलं तरीसुद्धा. काचेच्या पेटीतल्या बाळाचा खर्च रोजच्या रोज चढतो, आणि तुमच्याकडे तो दुहेरी असेल. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधं, रक्त, आजारी तान्ह्या बाळाचे उपचार, सगळं मोफत आहे. खासगीकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते आधी विचारा. पैशाची चौकशी करण्यात लाज कसली? नंतर धावाधाव करण्यापेक्षा ती आत्ता केलेली बरी.

रिपोर्टकडे वळू. त्यात तुझ्या लक्षात न आलेली एक चांगली ओळ आहे: दोन्ही बाळांना स्वतंत्र वार (प्लॅसेंटा) आहे. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांमध्ये एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाण्याचा धोका असतो, म्हणून त्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी करावी लागते. तो धोका तुझ्या बाळांना नाही. दोघांच्या वजनातला फरकही चौदा टक्क्यांच्या आतला आहे. तो वीस-पंचवीसच्या पुढे गेला की डॉक्टर जास्त सावध होतात. शिवाय सोनोग्राफीतलं वजन हा मोजमापांवरून काढलेला अंदाज असतो, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. त्यामुळे एका आकड्यावर रात्र जागू नकोस. पुढच्या तपासणीत दोघंही वाढली का आणि नाळेतला रक्तप्रवाह, म्हणजे डॉप्लर, ठीक आहे का, हे दोन प्रश्न खरे. ती तपासणी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच कर, एक दिवसही पुढे ढकलू नको.

आणि बाळं लहान राहिली म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. तू कमी खाल्लंस, जिने चढलीस, उन्हात गेलीस, असलं कुणी बोललं तर मनावर घेऊ नको. दोघांना मिळून एकच घर आहे, आणि तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यानंतर जुळ्यांची वाढ एकट्या बाळापेक्षा मंदावतेच. भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी, हे पोटभर खा. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खा, एका वेळी पोटात जागा उरत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. जुळ्यांच्या बाळंतपणात रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिन आताच वर आणायला हवं.

पूर्ण झोपून राहायचं का, असं विचारलं आहेस. डॉक्टरांनी काही खास कारणाने सांगितलं नसेल तर नाही. नुसतं अंथरुणाला खिळून राहिल्याने लवकरचं बाळंतपण टळत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. घरात हिंडफिर, दुपारी कुशीवर आडवी हो. नळाला पाणी येईल त्या दिवशी घागरी-बादल्या मात्र दुसऱ्यांनी उचलायच्या. आपल्याकडचा उन्हाळा तुला सांगायला नको, चाळिशीच्या पुढचा पारा आहे, आणि अंगातलं पाणी कमी झालं की पोट आवळायला लागतं. पाण्याचा तांब्या उशाशी असू दे. लघवीला जळजळ झाली तर घरगुती उपाय करत बसू नकोस, लघवी तपासून घे, तो संसर्गही कळा आणू शकतो. डोहाळजेवण घरातल्या घरात, बसून, तासाभरात उरका. भर उन्हात कार्यालय घेऊन तीनशे माणसं बोलवायची ही वेळ नाही.

आता मी जे लिहिते ते फ्रिजवर चिकटव. पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल पडतंय आणि हे दर दहा मिनिटांनी होतंय, कंबर सारखी धरतेय, खाली दाब आल्यासारखं वाटतंय, पाणी जातंय, थेंबभर का होईना रक्त दिसलंय, बाळांची हालचाल कमी वाटतेय: यातलं काहीही झालं की लगेच निघायचं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, छातीखाली पोटात दुखणं ही रक्तदाब वाढल्याची चिन्हं, जुळ्यांत तो जास्त वेळा वाढतो. तळहात-तळपायांना रात्री फार खाज सुटली तरी कळव. सकाळपर्यंत थांबू, असं म्हणायचं नाही. खोट्या कळा निघाल्या तर परत घरी यायचं, दवाखान्यात कुणी हसत नाही. गाडी नसेल तर १०८.

इतकी घाई का, तर वेळेत पोचलं की हातात उपचार असतात. चौतिसाव्या आठवड्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देतात. आपल्याकडे बहुधा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, दर बारा तासांनी एक अशी चार. त्यांचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. कळा थोपवणारी औषधं बाळंतपण कायमचं टाळत नाहीत, तेवढे एक-दोन दिवस मिळवून देतात. बत्तीस आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल तर बाळांच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम देतात, ते चालू असताना अंग भाजल्यासारखं गरम वाटतं, घाबरू नकोस. स्टिरॉइड हे नाव ऐकून घरातलं कुणी नको म्हणेल. त्यांना सांग, न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून जगभर हे इंजेक्शन लहान बाळांचे प्राण वाचवत आलं आहे. मात्र जुळी आहेत म्हणून ते आधीच घेऊन ठेवायचं नसतं. वेळ जवळ आल्यावरच त्याचा खरा उपयोग.

सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं तुझ्या शेजारणीने सांगितलं. हे साफ खोटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाला बळ देतो, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही पक्कं. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर होतं, पण फुप्फुसं तयार नव्हती आणि तो दोन दिवसही जगला नाही. तेव्हा त्या घराकडे पैसा होता, उपचारच नव्हते. आज तेवढं बाळ आपल्या सोलापुरात बहुतेक वेळा सुखरूप घरी जातं.

बाळं लवकर आलीच तर काचेची पेटी, नळ्या, तारा बघून तुझा धीर सुटेल. सुटू दे, रडून घे, आणि मग कामाला लाग, कारण तिथे आईला खरोखर काम असतं. पहिल्या काही तासांतच हाताने चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, काढायला सुरुवात कर. थेंबच निघतील, तेही वाटीत धरून सिस्टरांकडे दे. दर दोन-तीन तासांनी काढत राहा, रात्रीही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला बसतो, तोवर दूध नळीने जातं, पुढे बोंडल्याने. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, ते सगळ्याच बाळांचं उतरतं.

आणि कांगारू. बोगोटा शहरात १९७८ मध्ये पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाला बांधून ठेवायला सुरुवात केली. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की लहान बाळाला हे जन्मापासूनच द्यावं, दिवसाचे आठ तास तरी, जमेल तितके जास्त. तुझी दोन आहेत. एक तुझ्या छातीवर, दुसरं नवऱ्याच्या. त्याला आत्ताच सांगून ठेव, मऊ जुन्या सुती साड्या धुऊन ठेवा. आज्याही हे करू शकतात, आणि फार आनंदाने करतात.

एका गोष्टीवर मी हट्ट धरणार आहे: डोळे. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा, फार लहान असेल तर आणखी आधी. बाळ बाहेरून छान दिसतं, दूध पितं, घरी आलेलं असतं, आणि आत पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडत असतात. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने नजर वाचते. उशीर झाला तर ती परत आणता येत नाही. डिस्चार्जच्या कागदावर ही तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नकोस. कानांची तपासणीही त्याच वेळी विचार. लसी जन्मतारखेप्रमाणे, पण बसणं-रांगणं-चालणं मोजायचं ते मूळ दिवस भरण्याच्या तारखेपासून, दोन वर्षांचं होईपर्यंत. शेजारच्या बाळाशी तुलना नको.

घरी आल्यावर मध चाटवणं, घुटी, तेलाची रगडून मालीश, काजळ, यातलं काहीही नाही. बारसं बाराव्या दिवशीच करायला हवं असं नाही, बाळं अंग धरू देत. सासूबाईंनी सिद्धेश्वराला बोललेला नवस तेव्हा सवडीने फेडा, आत्ता तुला त्या गर्दीत नेऊ नका.

रविवारपर्यंत दवाखाना बघून ये आणि तुझ्या रक्तगटाचा कागद, सगळे रिपोर्ट, आधार कार्ड, बँक पासबुक एका पिशवीत घालून दाराजवळ ठेव. त्या प्रश्नांची काय उत्तरं मिळाली ते मला फोनवर सांग. कशातही शंका वाटली तर मी तुमच्याबरोबर येईन. तुझ्या आईचा नंबरही पाठव, त्यांच्याशी मीच बोलते.

तुझी,
मावशी