कोणत्या ‘स्वतः’वर प्रेम करू?

पत्र:

ताई, माझं वय 43. अठरा वर्षं जलरंगात फुलं रंगवते आहे. लोक मला त्या फुलांवरूनच ओळखतात. गेल्या वर्षभरात मात्र ब्रश उचलला की हात जड व्हायला लागला. एका रात्री मुलीच्या सामानातली चारकोलची काडी सापडली आणि कागदावर ओढत बसले ती पहाटेपर्यंत. तेव्हापासून फक्त चारकोल. मोठाले काळे आकार, कसले ते मलाच सांगता येत नाही. नवरा म्हणाला, “बरंय, पण फुलं छान होती.” माझी चित्रं विकणारे गॅलरीवाले म्हणाले, “यात तुम्ही दिसत नाही.” सोळा वर्षांची मुलगी दारात येऊन म्हणाली, “आई, हे तू काढलंस?” आणि हातात फोन तसाच धरून बघत राहिली. कपाटात फुलांची दोनशेच्या वर चित्रं आहेत. ती दिसली की सगळी फाडून टाकावीशी वाटतात. लाज वाटते, इतकी वर्षं हे गोड गोड काय करत बसले मी? मैत्रिणी म्हणतात, स्वतःवर प्रेम करायला शीक. पण कोणत्या स्वतःवर? त्या फुलंवालीवर, की या काळं फासणारीवर? आणि कृपा करून अहो-जाहो नको, तू म्हणा.
— काळ्या हातांची

उत्तर:

प्रिय काळ्या हातांची,

आधी फाडण्याचं बोलू, कारण बाकीच्याला वेळ आहे.

फाडू नकोस. निदान या वर्षात नको. सगळी चित्रं खाली काढ, प्रत्येक दोन चित्रांमध्ये पातळ कागद घाल, पाठीमागे पेन्सिलीने साल लिही, गठ्ठा बांध आणि हात सहज पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवून दे. वर्षाने खाली काढ. तेव्हाही फाडावीशी वाटली तर खुशाल फाड, मी येऊन हात धरणार नाही.

हे मी शहाणपणाने नाही, अनुभवाने सांगते. सव्विसाव्या वर्षी मी माझ्या कवितांच्या दोन वह्या फाडल्या होत्या. कविता वाईट होत्या, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण ती एकोणीस-वीस वर्षांची मुलगी कशाला घाबरायची, तिला कोणते शब्द पुन्हा पुन्हा लिहावेसे वाटायचे, हे आता मला सांगणारं कुणी उरलेलं नाही. मला वाटलं मी कविता फाडतेय. साक्षीदारच गेला.

चित्रकार आपली चित्रं फाडत नाहीत असं नाही. 1908 मध्ये क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना कमळांच्या तळ्याची डझनाहून जास्त चित्रं स्वतःच्या हाताने नष्ट केली. प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं. पुढच्या वर्षी, 1909 मध्ये, त्याने त्याच तळ्याची 48 चित्रं मांडली. म्हणजे पाण्यात जे दिसत होतं ते कॅनव्हासवर उतरत नव्हतं म्हणून त्याने चित्रं फाडली, आणि तो पुन्हा त्याच पाण्याकडे गेला. तुझं कारण वेगळं आहे. चित्रं फसलीत असं तू एका शब्दाने म्हटलेलं नाहीस. ती काढणाऱ्या बाईची तुला लाज वाटतेय, आणि लाजेच्या भरात केलेली आवराआवर नेहमी जास्तीची होते.

आता तुझा खरा प्रश्न, कोणत्या स्वतःवर? पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. “स्वतःवर प्रेम कर” हा सल्ला हल्ली इतका स्वस्त झालाय की तो देणाऱ्यालाही त्याचा अर्थ विचारायची सोय राहिलेली नाही. तू तो विचारलास, याबद्दल आभार.

मी चित्रकार नाही. पण जलरंगवाल्यांच्या शेजारी बसून तासन्‌तास बघितलंय. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही अशी जुन्या वळणाची शिस्त असते, पांढरा म्हणजे कागदच. तो पहिल्या वॉशपासून, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्या थरापासून, राखावा लागतो. फिक्यापासून सुरुवात, मग हळूहळू गडद. एकदा गडद उतरलं की परत पांढरं मिळत नाही, फार तर ओल्या ब्रशने थोडंसं उचलता येतं. मनगटाला सतत धाक असतो. तू अठरा वर्षं पांढरं राखत आलीस.

चारकोलमध्ये सगळं उलटं. आधी अख्खा कागद काळा करून टाकला तरी चालतं. मग मळून मऊ केलेलं खोडरबर घेऊन त्यातून उजेड बाहेर काढायचा. चुकलं तर फडक्याने पुसायचं. काडीचा चारकोल जवळजवळ सगळा निघतो. जवळजवळच, कारण कागदाच्या दाण्यात करडी सावली राहते आणि पुसलेली रेघ नव्या रेघेखालून दिसत राहते. चुकायला परवानगी असलेलं माध्यम तू अपघाताने उचललंस असं तुला वाटतं. मला नाही वाटत. दिवसभर तोल सांभाळून चालणाऱ्या माणसाला रात्री जमिनीवर लोळावंसं वाटतं, त्यात अपघात कसला?

पण एवढ्यावरून फुलंवाली घाबरट आणि चारकोलवाली मोकळी अशी वाटणी करू नकोस, कारण ती खोटी आहे. एक काम सांगते. गठ्ठा बांधण्याआधी त्यातलं पांढऱ्या फुलाचं एक चित्र बाजूला काढ. ते उलटं धर, देठ वर आणि फूल खाली. आता पाकळी बघू नकोस, पाकळीच्या भोवती काय आहे ते बघ. जलरंगात पांढरी पाकळी कुणी रंगवत नाही ना? तिच्या मागचं, दोन पाकळ्यांच्या फटीतलं, पानांच्या आतलं गडद रंगवायचं, तेव्हा पाकळी आपोआप उभी राहते. हे मला सांगणारी तूच असायला हवीस. म्हणजे फुलं रंगवते असं लोक म्हणत होते आणि तू कागदावर काळोख घालत होतीस. ते उलटं चित्र तुझ्या एखाद्या चारकोलच्या शेजारी ठेव आणि आकार जुळतात का बघ. मी बघितलेलं नाही, पण पैज लावायला तयार आहे.

नवं असं आभाळातून पडत नाही. आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराचं बघ. जानेवारी 1941 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. वाचला, पण पुढचं आयुष्य बरंचसं अंथरुणात आणि चाकांच्या खुर्चीत गेलं. ईझलसमोर, म्हणजे चित्र ठेवायच्या तिवईसमोर, तासन्‌तास उभं राहणं संपलं. मग मदतनीस कागदांना सपाट रंग द्यायचे आणि हा कात्रीने थेट रंगातून आकार कापायचा. ते तुकडे टाचणीने भिंतीवर टोचायचे, पुन्हा काढायचे, वीतभर सरकवायचे. आजारपणाने त्याला कात्री दिली, अशी ती गोष्ट सहसा सांगतात. खरं तर दहा वर्षं आधी, एका भल्यामोठ्या भित्तिचित्राची आखणी करताना, आकार हलवून बघायला त्याने कागद कापलेच होते. तेव्हा ती नुसती हातासरशी वापरायची युक्ती होती. पुढे तीच त्याची कला झाली. पांढऱ्या फुलामागचा गडद वॉशही तुझ्यासाठी इतकी वर्षं युक्तीच होता.

तेव्हा कोणत्या स्वतःवर, याचं माझं उत्तर असं: त्या दोघी नाहीत. एकच बाई आहे, तिचं माध्यम बदललंय. होकुसाई या जपानी चित्रकाराने आयुष्यात तीसएक नावं बदलली म्हणतात, तरी हात एकाचाच होता.

राहता राहिलं प्रेम. ते हुकमी येत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नकोस. क्रिस्टिन नेफ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 पासून यावर बरंच लिहिलंय. त्या प्रेमापेक्षा करुणा हा शब्द वापरतात, आणि मला तो जास्त परवडतो. स्वतःबद्दल चांगलं मत असायला आधी काहीतरी चांगलं करून दाखवावं लागतं. करुणेला तशी अट नाही. चित्र फसलेलं असतानाही ती करता येते, नेमकी तेव्हाच ती लागते. तू एखाद्या नवशिक्या विद्यार्थिनीला “काय हे गोड गोड” असं म्हणशील का? नाही म्हणणार. तिच्या कागदाकडे मान तिरकी करून बघशील आणि म्हणशील, “हा कोपरा बघ, इथे काहीतरी आहे.” फुलंवालीशी तेवढं बोललीस तरी मला पुरे. आणि चारकोलवालीशीही, कारण आज ती नवी म्हणून लाडकी आहे, पण सहा महिन्यांनी तिची चित्रंही एकसारखी दिसायला लागतील. तेव्हा तिचीही लाज वाटायला सुरुवात होईल बघ.

रोज थोडा ठरावीक वेळ दे. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घाल. सहा महिने कुणाला दाखवू नकोस, विकण्याचं तर नावच नको. आणि बाई, चारकोलची भुकटी फुंकून उडवू नकोस, छातीत जाते. कागद उभा धरून झटक. चारकोल कागदावर पक्का बसवणारं फिक्सेटिव्ह मारताना खिडक्या उघड्या ठेव.

एक विचारून ठेवते. हात ब्रशलाच जड होतो ना? सकाळी उठायला, केस विंचरायला, कुणाचा फोन घ्यायलाही जड होत असेल तर तो चित्रकलेचा प्रश्न नाही, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोल. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर मनगट तपासून घे. कलावंत माणसं शरीराच्या तक्रारीतही अर्थ शोधत बसतात आणि उपचाराला उशीर होतो.

आता दोघा पुरुषांविषयी. गॅलरीवाल्यांवर रागावू नकोस. “यात तुम्ही दिसत नाही” याचा अर्थ “हे कसं विकायचं ते मला माहीत नाही” एवढाच आहे, आणि ते खरंही आहे. ते त्यांचा धंदा करतायत. फुलांच्या पैशावर घर चालत असेल तर घेतलेल्या ऑर्डरी पूर्ण कर, हातातली तयार फुलं त्यांना विकू दे, आणि नवी कधीपर्यंत मिळणार नाहीत ते तारीख घालून सांग. पोटासाठी काढलेल्या फुलाने चारकोल बाटत नाही.

नवऱ्याचं जरा नाजूक आहे. फिलिप गस्टन हा अमेरिकन चित्रकार अमूर्त चित्रांसाठी नावाजलेला होता. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने काही काळ रंगवणं सोडून नुसती रेखाटनं केली, चारकोलने आणि शाईने. एके दिवशी नुसत्या रेघा, दुसऱ्या दिवशी जोडे, पुस्तकं, दिवा. आज हे खरं वाटायचं, उद्या ते. 1970 च्या ऑक्टोबरात त्याने न्यूयॉर्कमध्ये नवी चित्रं मांडली: बोजड, व्यंगचित्रासारखी, टोकदार बुरखे घातलेली माणसं आणि बूट. समीक्षकांनी टर उडवली. त्यांचं सोड, पण जिवलग मित्र, संगीतकार मॉर्टन फेल्डमन, चित्रांसमोर गप्प उभा राहिला आणि मैत्री तुटली. 1980 मध्ये गस्टन गेला. चार वर्षांनी त्याच मित्राने त्याच्या नावाने एक रचना केली, चार तासांहून लांब. मला ती गोष्ट हळहळ लावते, कारण चार तासांचं जे मनात होतं त्यातली चार वाक्यं त्या दिवशी बोलता आली असती.

तुझ्या नवऱ्याने निदान बोलून दाखवलं. “फुलं छान होती” हा चारकोलवरचा शेरा आहे असं तू धरून चाललीस. मला तो नुसताच फुलांविषयी वाटला. अठरा वर्षं तो त्या फुलांबरोबर राहिलाय. ती बंद झाली हे त्याला कुणी सांगितलंय का, की वाळायला ठेवलेले कागद दिसेनासे झाले आणि त्याने समजून घ्यायचं? गठ्ठा बांधताना त्याला बोलाव. एक चित्र निवडू दे, त्याच्या आवडीचं, तुझ्या नव्हे. ते तो जिथे म्हणेल तिथे लाव. अगदी गोड गोड निघालं तरी तोंड वाकडं करू नकोस.

आणि मुलगी. नवऱ्याचं आणि गॅलरीवाल्यांचं म्हणणं तू मनाला लावून घेतलंस, तिचं मात्र नुसतं लिहिलंस आणि पुढे गेलीस. “आई, हे तू काढलंस?” हे वाक्य किती तऱ्हांनी म्हणता येतं, एकदा मोठ्याने म्हणून बघ. सोळा वर्षांची पोर हातातला फोन विसरून आईच्या भिंतीकडे बघत उभी राहते, आणि तू तिला काही विचारलंस असं पत्रात कुठे नाही. सहा महिने कुणाला दाखवू नकोस म्हटलं, त्यातून तिला वगळ. तिने ते बघितलेलंच आहे, आणि काडीही तिचीच होती. आज संध्याकाळी तिला विचार, ती नेमकं कुठल्या चित्रापाशी थांबली होती.

— ताई