माळ्यावरचा स्केलेटर

प्रश्न : माळा आवरताना लहानपणचा स्केलेटर सापडला, म्हणजे खेळण्यातल्या ही-मॅन या वीराचा कवटीच्या तोंडाचा शत्रू. पाठीवर १९८१ आहे. अंग चिकट झालंय, पाय लोंबतात. रंगवून घेऊ का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अहो, रंगाचा डबा आधी लांब ठेवा! मीही शहाणपणा केला होता. थिनरच्या बोळ्याने पिवळा चेहरा पुसला. आता माझ्या स्केलेटरला दातच नाहीत.

१९८१ हे ही खेळणी काढणाऱ्या मॅटेल कंपनीच्या स्वामित्वहक्काचं साल. खेळणी दुकानांत आली १९८२मध्ये, आणि तोच ठसा पुढच्या नगांवरही राहिला. म्हणून शेजारी देशाचं नाव असेल तर तेही वाचा. आपल्याकडे लिओ नावाने निघालेले नगसुद्धा जमवणारे हौसेने शोधतात.

चिकटपणा म्हणजे मऊ प्लॅस्टिकमधून झिरपणारं तेलकट द्रव्य. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, जुनं सुती कापड, बस्स. बादलीत बुडवू नका, कंबरेच्या फटीतून पाणी आत शिरतं. पाय लोंबतात ते आतला रबर सैल झाल्याने. तो बदलता येतो.

आणि हो, माळ्यावर पुन्हा चढा. अर्धीच वाटणारी जांभळी तलवार मिळते का बघा. ती तुटकी नसते, ही-मॅनच्या तलवारीला जोडली की पूर्ण होते.