जपानी मेपलच्या पानांच्या कडा करपल्यात, झाड मरतंय का? खत घालू का?

आधी ती खताची पिशवी गॅरेजमध्ये परत ठेवा, प्लीज. तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत घर घेतलं, एप्रिलमध्ये ब्लडगुड (लाल पानांची जपानी मेपलची जात) लावला, आणि आता ऑगस्टमध्ये सगळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्यात, लॉनच्या स्प्रिंकलरचं पाणी रोज दहा मिनिटं मिळतं तरीसुद्धा. मरत नाहीये हो बहुतेक. मुळं अजून पसरलेली नाहीत, त्यात दुपारचं ऊन आणि गरम वारा, पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं खालून वर पोचत नाही, मग पानाची कड आधी वाळते. आत्ता खत दिलंत तर कोवळी फूट येईल आणि तीही करपेल, नाहीतर थंडीत जाईल. खात्री करायची तर बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघा, आत हिरवं ओलं दिसलं की ती जिवंत आहे.

स्प्रिंकलरने वरची इंचभर माती भिजते, बस. त्यापेक्षा होज अगदी बारीक धारेवर खोडापासून फूट-दीड फुटावर अर्धा तास सोडून ठेवा, आठवड्यातून दोनदा, पाऊस झाला तर नको. पण आधी दोन-तीन इंच बोट खुपसून बघा, इकडची माती बऱ्याच ठिकाणी चिकण असते आणि पाणी साचलेलं ह्या झाडाला अजिबात चालत नाही.

आता खरं महत्त्वाचं. खोड जमिनीत शिरतं तिथे जाऊन बघा. बुंधा खाली जरा रुंद होत मुळांना मिळतो, तो भाग उघडा दिसायला हवा, खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसलं तर झाड खोल लागलंय. माझा पहिला मेपल असाच गेला. लावून दिलेल्या माणसाने खोल पुरला, वर दरवर्षी खोडाला टेकून मल्चचा (मातीवर पसरतात त्या लाकडाच्या-सालीच्या तुकड्यांचा) ढीग, मला तर ते नीटनेटकं वाटायचं, आणि झाड दर उन्हाळ्यात थोडं थोडं वाळत पाचव्या वर्षी संपलं. उकरलं तेव्हा सहा इंच खाली बुंध्याचा रुंद भाग सापडला आणि एक मूळ खोडाभोवती दोरीसारखं आवळलेलं. फार वाईट वाटलं, कारण हे पहिल्या वर्षी हाताने माती बाजूला करून वाचवता आलं असतं. मल्च दोन-तीन इंच जाड ठीक आहे, पण खोडापासून चार बोटं लांब.

आणखी एक, आपल्या लोकांसाठी मुद्दाम. जिथे आधी वांगी-टोमॅटो-बटाटे लावत होता त्या वाफ्यात मेपल लावू नका. व्हर्टिसिलियम नावाची बुरशी ह्या सगळ्यांना लागते, मातीत वर्षानुवर्षं राहते, आणि मेपलला लागली की त्यावर औषध नाही. त्यात सहसा एखादी अख्खी फांदीच भर उन्हाळ्यात अचानक मान टाकते, कापली तर आतल्या लाकडात काळपट-हिरवट रेषा दिसतात. तुमच्याकडे झाडभर नुसत्या कडा वाळल्यात, म्हणून मला ते वाटत नाही.

कलमाच्या जोडाखालून हिरव्या पानांचे फुटवे आले तर लगेच काढा, ते ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या खुंटाचे असतात आणि वरच्या लाल झाडाला मागे टाकतात. बाकी छाटणी ह्या वर्षी नकोच, मेलेली काडी सोडून. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कात्री लावूच नका, तेव्हा कापलं की रस गळत राहतो.

जपानी भाषेत मेपलला काएदे म्हणतात, म्हणजे मुळात बेडकाचा हात, तसंच दिसतं ना पान! करपलेली पानं तोडत बसू नका, उरलेल्या हिरव्या-लाल भागावर झाड अजून जेवतंय. आणि जागाच दिवसभर रणरणत्या उन्हाची असेल तर नोव्हेंबरमध्ये पानं गळल्यावर, जमीन गोठायच्या आत, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा कोपऱ्यात हलवा. लावून अजून वर्षही झालेलं नाही, मातीच्या गोळ्यासकट सहज निघेल.