कव्हर अंगावर शिवलेलं की दुकानातलं?

उन्हाळा सुरू झाला की आमच्या दुकानात नवी ताडपत्री मागणाऱ्यांपेक्षा फाटकी घेऊन येणारेच जास्त. या खेपेला आलेल्या प्रश्नांतही तेच दिसलं: कव्हर तयार आणावं की शिवून घ्यावं? तीन प्रश्न तर चक्क होड्यांचे आहेत. सोलापुरात होड्या कुठल्या, असं विचारणाऱ्यांनी एकदा उजनी धरणावर चक्कर मारावी.

उजनीच्या काठावर आमची १८ फुटी फायबरची होडी आहे. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. मागच्या वर्षी निळी ताडपत्री टाकली, मे संपायच्या आत तिच्या चिंध्या झाल्या. आता कॅनव्हास शिवून घ्यावा, की त्याहून जाड ताडपत्री आणावी? (करमाळा तालुका)

ती कुठून फाटली ते तुम्ही लिहिलं नाही, तरी पैज लावतो: दोरी ओवायच्या रिंगांपासून आणि होडीच्या काठावर जिथे घासत होती तिथून. ही ताडपत्री म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या विणून त्यावर दिलेला पातळ थर. ऊन तिला कडक करतं आणि वारा फडफडवून मोडतो. चौकोनी ताडपत्री होडीच्या आकाराला कधीच बसत नाही. कुठेतरी झोळ राहतोच, आणि त्या झोळातच वारा शिरतो. जाडी वाढवलीत तर फाटायला दोन महिने जास्त लागतील, एवढंच.

उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणातलं वापरायचं पाणी संपून पातळी त्याच्याही खाली गेली, की तुमची होडी भेगाळलेल्या गाळावर टेकलेली असते, आसपास सावलीला झुडूपही नसतं, आणि पारा ४२-४३ च्या घरात. कव्हराची खरी परीक्षा तेव्हाच असते. म्हणून तुम्ही शिवूनच घ्या, आणि कापड मेण चढवून वॉटरप्रूफ केलेला सुती कॅनव्हास. कोकणातल्या माणसाला मी हे सांगितलं नसतं, तिथल्या दमट हवेत सुती कापड कुजतं. आपली हवा कोरडी. सुती कॅनव्हास श्वास घेतो, आतली वाफ बाहेर सोडतो, आणि पावसात त्याचे धागे फुगून छिद्रं बुजतात. आतून बोट लावू नका मात्र, बोट लावलं तिथूनच ठिबकायला लागतं. आणि ओला घडी घालून ठेवलात तर आठ दिवसांत काळे ठिपके पडतील, तेव्हा माझं नाव घेऊ नका.

कापडाइतकंच महत्त्वाचं म्हणजे आढं. घराला असतं तसं होडीच्या मधोमध एक बांबू लांबीच्या दिशेने उंच बांधा, म्हणजे कव्हराला दोन्ही बाजूंनी उतार मिळेल. दहा बाय दहा फुटांच्या कव्हरावर एक इंच पाणी साचलं तर त्याचं वजन जवळजवळ २३५ किलो भरतं. कोणती शिलाई ते पेलेल? वळवाच्या एका पावसात कव्हर होडीत बसलेलं मी पाहिलंय, आणि दोष शेवटी शिंप्याच्या माथी मारला गेला.

ज्वारीच्या राशीवर टाकायला ताडपत्री शिवून घ्यावी का? (मंगळवेढा)

नाही. रास गोल असो की लांबट, दरवर्षी वेगळीच असते. मापाचं शिवून करणार काय? तयारच घ्या, रंग बघून भुलू नका. आयएस ७९०३ या ताडपत्रीच्या भारतीय मानकाची खूण आहे का ते पाहा, जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम) विचारा आणि काठात दोरी घालून दुमडलंय का ते हाताने चाचपा. काठात दोरी नसेल तर रिंग पहिल्याच वाऱ्याला निसटते.

मुलगा मुंबईत असतो. त्याने मित्रांबरोबर भागीत जुनी शिडाची होडी घेतली आहे, २४ फुटांची. शिडाचं कव्हर फाटलंय. बूमच्या लांबीवर तयार कव्हर मिळतं. शिवून घ्यायचं तर तिप्पट खर्च. मुलगा म्हणतो, तयारच मागवू. तुमचं काय मत? (होटगी रोड, सोलापूर)

आधी माझा एक प्रश्न. फाटलंय म्हणजे कापड फाटलंय की शिलाई उसवलीय? दोन्ही चिमटीत धरून ओढून बघायला सांगा. बरेचदा दोरा उन्हाने आधी मरतो आणि कापड ठणठणीत असतं. तसं असेल तर ना तयार, ना नवं: जुन्याच कव्हराला चांगल्या पॉलिएस्टर दोऱ्याची डबल शिलाई मारून घ्या.

कापडच गेलं असेल तर मी शिवून घेण्याच्या बाजूचा आहे. धंदा माझा म्हणून नव्हे, कारणं ऐका. होडी उभी असताना शीड उतरवून बूमवर, म्हणजे डोलकाठीला जोडलेल्या आडव्या काठीवर, घड्या घालून ठेवतात. त्यावर कव्हर चढतं ते कोटासारखं: डोलकाठीभोवती कॉलर, पुढे टिचबटणं किंवा चेन, खालून हुक आणि नाडी. तयार कव्हराला ठाऊक असते फक्त बूमची लांबी. पण शिडाच्या घड्यांचा ढीग डोलकाठीपाशी सगळ्यात उंच असतो. नवं कडक शीड फुगून बसतं, जुनं मऊ शीड दबून. तिथला घेर विकणाऱ्याला कसा कळावा? कव्हर आखूड पडलं की डोलकाठीजवळ वीतभर शीड उघडं राहतं, आणि रोजचं ऊन नेमकं त्या वीतभर जागेवर पडतं. दुरुस्तीला आलेलं असं एक शीड मी उलगडून पाहिलं होतं. सगळं पांढरंशुभ्र, फक्त तेवढा पट्टा पिवळट. अंगठा दाबला तर पापडासारखा आरपार गेला. शीड पॉलिएस्टरचं होतं, पण पॉलिएस्टरलाही ऊन सोडत नाही. कव्हराचे पैसे वाचले आणि शिडाचे गेले.

यालाही अपवाद आहे. ऑप्टिमिस्ट किंवा लेझरसारख्या शर्यतीच्या छोट्या होड्या एकाच मापाच्या बनतात, नियमच तसा असतो. त्यांची तयार कव्हरं अगदी अंगावर शिवल्यासारखी बसतात. मुलाची होडी कारखान्यातल्या एखाद्या नावाजलेल्या मॉडेलची असेल आणि कव्हर त्याच मॉडेलसाठी कापलेलं असेल, तर मुलाचं ऐका. नुसतं ‘२४ फुटी’ लिहिलेलं असेल तर ऐकू नका.

कापड विचाराल तर समुद्रावर सुती कॅनव्हास नको. अॅक्रिलिक घ्या, साधारण ३०० जीएसएमचं. आपल्या सोलापुरी चादरीत आधी सूत रंगवतात आणि मग विणतात, म्हणून तिचं नक्षीकाम धुऊन जात नाही. या अॅक्रिलिकमध्ये तर सूत तयार व्हायच्या आधीच रंग मिसळलेला असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं उन्हात राहूनही तो फारसा विटत नाही. पाणी अंगावरून ओघळतं, वाफ मात्र बाहेर पडते. पीव्हीसीचं कापड स्वस्त पडेल, पण आत घाम धरून शिडाला बुरशी आणेल. रिंगा पितळी, हुक स्टेनलेसचे, चेन प्लास्टिकची. लोखंड दिसलं की परत पाठवा. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने मीठ धुवायला सांगा. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर चढवतील तेव्हा शीडच काढून, वाळवून घरात ठेवावं. तेव्हा कव्हर कशाला हवंय?

गाडीला बाजारातलं कव्हर चालेल का? गाडी लिंबाच्या झाडाखाली असते. (सोलापूर)

चालेल, तुमच्या मॉडेलचं मिळत असेल तर. पण धूळ झटकल्याशिवाय घालू नका. आपल्याकडच्या धुळीवर कव्हर ओढलं की ते रंगावर पॉलिशपेपरसारखं फिरतं. आणि आत जुनी सोलापुरी चादर टाकू नका. ती भिजली की दोन दिवस ओलीच राहते.

आमच्या गावात रेक्झिनच्या सीट शिवणारा चांगला कारागीर आहे, पण होडीचं कव्हर त्याने कधी केलं नाही. त्याला काम द्यावं का? (उजनी जलाशयाजवळचे दुसरे एक वाचक)

द्या. सीट शिवणाऱ्याकडे जाड कापडाची मशीन असते आणि गोलाईवर कापड बसवायची सवय असते. ताडपत्रीवाल्याला सरळ शिलाईच जमते. फक्त त्याला टेपने मापं घेऊ देऊ नका. पारदर्शक प्लास्टिकचा कागद होडीवर ताणून चिकटपट्टीने बसवा, त्यावर मार्करने काठ, कोपरे, आढ्याची रेघ, दोरी बांधायच्या जागा काढा आणि तोच कागद फर्मा म्हणून वापरा. जुन्या साडीचा फर्मा करू नका, ती तिरकी ताणली जाते आणि कव्हर अर्धा फूट मोठं होतं. सुती कॅनव्हास घेणार असाल तर शिलाईसाठी ठेवायची माया वेगळी आणि आकसण्यासाठीची वेगळी, हे त्याला दोनदा सांगा. काठ घासतात तिथे आतून रेक्झिनचे तुकडे लावून घ्या. दोरा नायलॉनचा असेल तर बदलायला लावा, उन्हात तो पॉलिएस्टरच्या आधी मान टाकतो. शेवटी रिंगा. त्या मारायच्या आधी कव्हर एकदा होडीवर चढवून बघा, कारण भोक एकदा पडलं की ते बुजवता येत नाही.